घासाचा पहिला मुक्काम

प्रस्तावना

अन्नपचन म्हटले की आपले लक्ष पोटाकडे जाते. जेवण जड झाले तर आपण पोटावर हात फिरवतो, चिमूटभर ओवा चघळतो, सोडा घेतो. पचनाचा प्रारंभ मात्र पोटात होत नाही, तो तोंडात होतो. घास एकदा घशाखाली उतरला की त्याच्यावर आपली सत्ता उरत नाही. जठर, आतडी, यकृत व स्वादुपिंड ही इंद्रिये आपल्याला न विचारता आपापले काम करीत राहतात. घास केवढा घ्यावा, तो किती चावावा आणि केव्हा गिळावा, एवढेच काय ते आपल्या हाती असते. आपल्या हाती असलेल्या या थोड्याशा भागाची ओळख या पाठातून आपण करून घेणार आहोत. पाठ वाचताना त्यात आलेल्या वाक्प्रचारांकडेही लक्ष असू द्या. शास्त्राने पुढे सिद्ध केलेल्या काही गोष्टी बोलीने आधीच टिपून ठेवलेल्या आढळतील.

मूळ पाठ

दिल्लीत दुपारी एकच्या सुमारास कचेऱ्यांच्या बाहेर मटर-कुलच्याच्या गाड्यांभोवती गर्दी जमते. गाडीवर मोठे पितळी भांडे असते, त्यात शिजून मऊ झालेले पांढरे वाटाणे, वर कांदा, लिंबू, हिरवी मिरची आणि सोबत मैद्याचा लुसलुशीत कुलचा. माणसे उभ्या उभ्याच जेवतात. दहा मिनिटांत द्रोण रिकामा होतो आणि प्रत्येक जण आपापल्या कामाला लागतो. या अन्नात चावण्यासारखे फारसे काही नसते. कुलचा दोन-चारदा तोंडात फिरला की खाली उतरतो. हाच मनुष्य घरी ज्वारीची भाकरी किंवा भाजलेले चणे खाऊ लागला, तर त्याच्या दाढांना चांगलेच श्रम पडतात. उलट थंडीच्या दिवसांत चांदणी चौकात मिळणारी ‘दौलत की चाट’ म्हणजे नुसता दुधाचा फेस. तो जिभेवर ठेवताच विरघळतो, दातांना त्याची वार्ताही लागत नाही. अन्न इतके निरनिराळे असते, आणि त्या सगळ्याला एकाच दारातून आत जावयाचे असते.

त्या दारावर दात उभे असतात. प्रौढ माणसाच्या तोंडात बत्तीस दात असतात, परंतु सगळ्यांचे काम सारखे नसते. समोरचे आठ पटाशीचे दात घास तोडतात. त्यांच्या बाजूचे चार सुळे फाडण्याचे काम करतात. उसाचे पेर सोलताना त्यांचा उपयोग आपल्याला कळतो. मागे आठ उपदाढा आणि बारा दाढा असतात, त्या जात्याच्या पाळ्यांप्रमाणे अन्न भरडतात व दळतात. जीभ ही या जात्याला वैरण घालणारा हात होय. ती घास पुन्हा पुन्हा दाढांखाली ढकलते. अक्कलदाढा काहींना येतच नाहीत, आणि त्यावाचून त्यांचे काही अडतही नाही.

दळण्याने नेमके काय साधते? एक सेंटिमीटर लांब, रुंद व उंच असा पनीरचा तुकडा घ्या. त्याला सहा बाजू असतात, म्हणून त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर होतो. आता त्याचे एक-एक मिलिमीटरचे हजार तुकडे झाले असे समजा. पनीर तेवढेच राहिले, परंतु सर्व तुकड्यांचा मिळून पृष्ठभाग साठ चौरस सेंटिमीटर झाला, म्हणजे दहापट वाढला. पाचकरसांना अन्नाचा पृष्ठभागच भेटत असतो. तो जितका अधिक, तितके त्यांचे काम लवकर होते. चणा, मका, वाटाणा यांच्या बाबतीत तर आणखी एक अडचण असते. त्यांच्या सालीतील सेल्युलोज पचविणारे विकर मानवी शरीर तयार करीत नाही. साल फुटली नाही तर आतला सत्त्वांश आतच राहतो. न चावता गिळलेले मक्याचे दाणे दुसऱ्या दिवशी जसेच्या तसे बाहेर पडलेले दिसतात, त्याचे कारण हेच. दाण्याचे पैसे दिले, पण पोषण मिळाले नाही, असा हा व्यवहार आहे.

गाय गवत पचविते, हे खरे. पण तिची सोय निराळी आहे. ती आधी भराभर गिळते आणि मग निवांतपणे रवंथ करीत बसते. तिच्या पोटातील सूक्ष्म जीव गवताचे विघटन करतात. दिल्लीच्या भर रहदारीत दुभाजकावर बसून डोळे अर्धवट मिटलेल्या गायीचा जबडा हलताना आपण पाहतो, तेव्हा तिचे जेवण अजून संपलेले नसते. तिच्या तोंडात दिवसाला शंभर लिटरांच्या आसपास लाळ तयार होते. आपल्याला घास परत आणण्याची सवलत नाही, म्हणून आपले चावणे पहिल्याच फेरीत व्हावे लागते.

लाळ कोठून येते?

माणसाच्या तोंडात लाळग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या असतात. एक जोडी कानांच्या पुढे व खाली, दुसरी खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूस आणि तिसरी जिभेखाली. यांखेरीज ओठ, गाल व टाळू यांच्या अस्तरात असंख्य बारीक ग्रंथी असतात. लहान मुलांना गालगुंड होते तेव्हा कानाजवळचा भाग सुजतो. ती सूज या पहिल्या जोडीची असते. या ग्रंथीची नळी गालाच्या आतल्या बाजूस, वरच्या दुसऱ्या दाढेसमोर उघडते. जिभेचे टोक तेथे फिरविले तर लहानसा उंचवटा लागतो. इतर दोन जोड्यांच्या नळ्या जिभेखाली, खालच्या पुढच्या दातांमागे उघडतात. तेथे लाळेतील क्षार सतत येत राहतात, म्हणून दातांवर किटण प्रथम त्याच जागी साचते.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी साधारणपणे एक ते दीड लिटर लाळ येते. आपण ती गिळत राहतो, म्हणून एवढ्या प्रमाणाची जाणीव होत नाही. तान्ह्या मुलाला ती सगळी गिळता येत नाही, म्हणून त्याच्या गळ्यात लाळेरे बांधावे लागते. लाळेत नव्याण्णव टक्क्यांहून अधिक पाणीच असते. उरलेल्या एका टक्क्यापेक्षाही कमी भागात क्षार, चिकट द्रव्य, विकरे आणि जंतूंशी लढणारे पदार्थ असतात. तिचे बहुतेक सारे मोठेपण या एवढ्याशा भागात सामावलेले आहे.

लाळ सुटण्यासाठी अन्न तोंडात जावेच लागते असे नाही. कैरीला तिखटमीठ लावताना नुसते पाहिले तरी तोंडाला पाणी सुटते. हा पाठ वाचतानाही काहींना ते सुटले असेल. ग्रंथींवर मज्जासंस्थेचे नियंत्रण असते, आणि वास, दर्शन, आठवण यांतून तिला आगाऊ वर्दी मिळते. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत, अन्नाशी जोडला गेलेला एखादा संकेत मिळताच, अन्न समोर येण्यापूर्वीच कुत्र्याला लाळ सुटते, हे दाखवून दिले. पचनक्रियेवरील त्यांच्या संशोधनाला १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

जशी आठवणीने लाळ सुटते, तशी भीतीने ती आटते. मुलाखतीला बसलेल्या उमेदवाराच्या तोंडाला कोरड पडते, ती यामुळेच. प्राचीन भारतात गुन्हा शाबीत करण्यासाठी जी ‘दिव्ये’ करवीत, त्यांत तांदळाचेही एक दिव्य होते. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या आपल्या बृहद् इतिहासात अशा दिव्यांचा विस्ताराने परामर्श घेतला आहे. चोरीचा संशय असलेल्याला तांदूळ चावून थुंकावयास सांगत. थुंकीत रक्त दिसले किंवा त्याचे अंग थरथरले, तर तो दोषी ठरे. कोरड्या पडलेल्या तोंडात दाणे टाळूला व हिरड्यांना खरचटणार, हे आज आपल्याला समजते. पण निरपराध मनुष्यही भितो! न्यायासनासमोर उभ्या राहिलेल्या कितीतरी भित्र्या पण निर्दोष माणसांना लाळेने दगा दिला असेल, या विचाराने मन अस्वस्थ होते.

पाठगत प्रश्न
१. दाणा चावला नाही तर त्यातील पोषक द्रव्ये शरीराला का मिळत नाहीत?
२. ‘तोंडाला पाणी सुटणे’ आणि ‘तोंडाला कोरड पडणे’ या वाक्प्रचारांमागील शारीरिक कारणे सांगा.

पिष्टाची साखर

पोळी, भात, भाकरी, बटाटा यांतील मुख्य द्रव्य म्हणजे पिष्ट. पिष्टाचा कण हा साखरेच्या अनेक लहान कणांची लांबलचक साखळी असतो. लाळेतील एक विकर ही साखळी ठिकठिकाणी तोडते. जुन्या पुस्तकांत त्याला टायलिन म्हणत, आता अमायलेज म्हणतात. त्यातून माल्टोज नावाची साखर तयार होते. लाळेच्या या गुणाची नोंद १८३१ साली लॉइख्स या जर्मन शास्त्रज्ञाने केली. त्याआधी दात फक्त दळतात आणि लाळ फक्त भिजविते, अशीच समजूत होती.

याची प्रचीती घेण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. कोरडी पोळी तोंडात घेऊन, न गिळता, एक-दोन मिनिटे चावत राहा. हळूहळू गोडसर चव लागेल. पोळीत साखर घातलेली नव्हती. ती तुमच्या तोंडात तयार झाली.

करून पाहा

चिमूटभर तांदळाचे पीठ कपभर पाण्यात उकळून अगदी पातळ पेज करा आणि ती कोमट होऊ द्या. दोन लहान काचेच्या पेल्यांत दोन-दोन चमचे पेज घ्या. चूळ भरून तोंड स्वच्छ करा. एका पेल्यात एक चमचा लाळ आणि दुसऱ्यात एक चमचा पाणी घालून ढवळा. वीस मिनिटे थांबा. नंतर औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या टिंक्चर आयोडिनचा एक-एक थेंब दोन्हींत टाका. पाणी घातलेली पेज गडद निळी होईल, कारण पिष्ट व आयोडिन एकत्र आले की हा रंग येतो. लाळ घातलेल्या पेजेत तो रंग फिका येईल किंवा येणारच नाही, कारण तेथील पिष्ट बरेचसे संपलेले असेल. दिल्लीच्या जानेवारीत प्रयोग करणार असाल, तर पेले कोमट पाण्यात ठेवा. थंडीत विकराचे काम मंदावते. प्रयोग झाल्यावर दोन्ही पेले ओतून टाका, आयोडिन पोटात जाऊ देऊ नका.

घास तोंडात थोडाच वेळ असतो, मग एवढ्याशा वेळात पिष्ट कितीसे पचणार, असा प्रश्न चौकस विद्यार्थ्याला पडेल, आणि तो योग्यच आहे. लाळेचे काम घासाबरोबर जठरातही काही काळ चालू राहते. जठरातील आम्ल घासाच्या आतल्या भागापर्यंत पोहोचेपर्यंत अमायलेजला सवड मिळते. आम्ल मुरले की ते निष्प्रभ होते. उरलेले पिष्ट पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाच्या रसाने पचते. म्हणून ज्याला लाळ कमी येते, त्याला पोळी पचतच नाही, असे समजू नये. प्रथिनांचे पचन तर तोंडात होतच नाही, ते जठरात सुरू होते. लाळेचे गुण सांगताना ती सर्व काही पचविते असे लिहिण्याचा मोह काही लेखकांना आवरत नाही, तो खरा नव्हे.

घास बत्तीस वेळा चावावा, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बत्तीस दातांवरून हा आकडा आला असावा. शास्त्राने असा कोणताही आकडा ठरवून दिलेला नाही. गुरगुट्या भाताला पाच-सहा वेळा चावणे पुरते, तर भाजलेल्या चण्याला तीसही कमी पडतात. अमेरिकेत होरेस फ्लेचर या गृहस्थाने अन्नाचे पाणी होईपर्यंत चावण्याचा पंथच काढला होता. त्याच्या नादाने अनेक जण जेवताना मनात आकडे मोजू लागले. जेवताना एवढे गणित कशाला? आपल्याकडे गांधीजींचाही अन्न नीट चावण्यावर भर होता. १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात आहाराचा विचार सविस्तर आला आहे. घासातले कठीण तुकडे जिभेला जाणवेनासे झाले आणि तो ओला, गुळगुळीत गोळा झाला की गिळावा, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

हा गुळगुळीतपणाही लाळेतील चिकट द्रव्यामुळे येतो. त्यामुळे घास अन्ननलिकेतून विनासायास सरकतो. गिळताना श्वासनलिकेच्या तोंडावर एक लहानसे झाकण पडते. भराभर खाताना, बोलताना, हसताना ते वेळेवर पडले नाही की ठसका लागतो. बोकाणे भरणाऱ्या मुलाला आजी रागावते, ती केवळ शिस्तीसाठी नव्हे. शिवाय पोट भरल्याची जाणीव व्हावयास पंधरा-वीस मिनिटे लागतात. दहा मिनिटांत जेवण उरकणाऱ्याला ही जाणीव होईपर्यंत दुसरा कुलचाही संपलेला असतो.

राखणदार

लाळेचे दुसरे काम पचनाइतकेच महत्त्वाचे आहे, किंबहुना माझ्या मते अधिकच. ती तोंडाची राखण करते. दातांच्या फटींत अडकलेल्या गोड कणांवर जंतू वाढतात आणि आम्ल तयार करतात. हे आम्ल दातांचे कठीण आवरण झिजविते. लाळ अन्नकण धुऊन नेते, आम्ल सौम्य करते आणि झिजलेल्या आवरणाला कॅल्शियम व फॉस्फेट पुरविते. मात्र या कामाला तिला वेळ लागतो. दिवसभर थोड्या थोड्या वेळाने गोड चहाचे घोट घेणाऱ्याच्या तोंडात एक हल्ला परतवेपर्यंत दुसरा सुरू होतो. झोपेत लाळ फारच कमी सुटते. रात्री दात घासून झोपावे, या सूचनेमागे हे कारण आहे. लाळेत लायसोझाइम नावाचे जंतुनाशक विकरही असते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी ते १९२२ साली जगापुढे आणले. पेनिसिलिनचा शोध त्यांनी त्यानंतर लावला.

ही राखण करणारी लाळच आटली तर काय होते, हे कर्करोगाच्या रुग्णांकडून कळते. डोके व मान यांवर किरणोपचार झाले की लाळग्रंथींना इजा होऊ शकते. मग पोळीचा तुकडा तोंडात वाळूसारखा फिरतो, प्रत्येक घासाबरोबर पाण्याचा घोट लागतो, चव कळत नाही आणि दात भराभर किडतात. काही औषधांनीही तोंड कोरडे पडते. आपल्या घरातील वृद्ध माणूस जेवताना वारंवार पाणी मागत असेल, तर तो खोडसाळपणा समजू नये. त्याच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचारावे. दात पडले असतील तर कवळी बसवून घ्यावी, आणि तोवर ज्वारी-बाजरीची भाकरी दुधात कुस्करून, डाळ-भात मऊ करून द्यावा. तीन पिढ्यांच्या घरात हे एका ताटाला शक्य नसते, हे खरे. पण वृद्धाचे खाणे कमी होत जाते ते भूक मेल्यामुळेच असे नाही. पुष्कळदा चावता येत नाही, हे सांगण्याचा त्याला संकोच वाटतो.

तोंड उघडेनासे होते तेव्हा

वृद्धाचे दात वयाने जातात. परंतु ऐन विशी-तिशीतल्या माणसाचा जबडा आखडतो, त्याचे कारण बहुधा खिशातल्या पुडीत असते. बांधकामावर, बसच्या थांब्यावर, कारखान्याच्या फाटकाशी गुटखा किंवा पानमसाला तोंडात धरून दिवस काढणारी माणसे दिल्ली, नोएडा, गाझियाबाद येथे जागोजागी दिसतात. भूक मारण्यासाठी, झोप उडविण्यासाठी, सोबत्याने दिली म्हणून, अशी ही सवय जडते. हेही चघळणेच, परंतु पचनाशी त्याचा काही संबंध नाही. पुडीने सुटलेली लाळ जिन्याच्या कोपऱ्यात थुंकली जाते आणि भिंत लाल होते.

सुपारीतील द्रव्यांमुळे गालाच्या आतले मऊ अस्तर हळूहळू ताठ व पांढरट होते. आधी तिखट सोसवत नाही. मग गालात दोरीसारखे पट्टे लागतात, आणि तोंड उघडेनासे होते. ज्याच्यासाठी दात आणि लाळ दोन्ही शाबूत आहेत, तो घासच आत जात नाही. तंबाखू नसलेली, नुसती सुपारीही यातून सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात सुपारीला कर्करोगकारक ठरविले आहे. या विकारातून पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो. आखडलेले अस्तर पूर्ववत करणे कठीण असते, म्हणून तो जितक्या लवकर ओळखला जाईल तितके बरे.

ओळखण्याची साधी रीत आहे. हाताची मधली तीन बोटे एकावर एक येतील अशी उभी धरून पुढच्या दातांमध्ये घाला. ती सहज जात असतील तर तोंड पुरेसे उघडते. दोनच जात असतील, तर पुडी त्याच दिवशी सोडावी आणि दंतवैद्याला दाखवावे. दिल्लीत बहादूरशहा जफर मार्गावर मौलाना आझाद दंतविज्ञान संस्था हे सरकारी रुग्णालय आहे, तेथे तपासणी होते. २०१२ साली महाराष्ट्राने आणि त्याच वर्षी दिल्लीनेही गुटख्याच्या विक्रीवर बंदी घातली. त्यानंतर मसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत विकण्याची युक्ती निघाली, आणि घेणारा त्या तळहातावर एकत्र करू लागला. गालाच्या अस्तराला या युक्तीने काही फरक पडत नाही.

स्वाध्याय

१. ‘लाळ कमी येणाऱ्याला पोळी पचतच नाही, असे समजू नये.’ लेखकाच्या या विधानाचे स्पष्टीकरण आठ-दहा ओळींत लिहा.
२. तांदळाच्या दिव्याविषयी लेखकाला अस्वस्थ का वाटते? तुमचे मत मांडा.
३. घास, तोंड, दात आणि जीभ या शब्दांवरून तुम्हांला माहीत असलेले प्रत्येकी दोन वाक्प्रचार लिहून त्यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. आज एक जेवण नेहमीच्या गतीने आणि उद्या तेच जेवण सावकाश चावून घ्या. प्रत्येक वेळी किती मिनिटे लागली आणि किती पोळ्या खाल्ल्या, याची नोंद वहीत करा.
५. तुमच्या कामाच्या ठिकाणी पुडी खाणाऱ्या सोबत्याला तीन बोटांची तपासणी समजावून सांगणारा संवाद लिहा.